चंपतरावांच्या वावरात पडलेलं यान

चंपतरावांनी जन्मभर दोनच कामं मन लावून केली: कापूस पिकवला आणि थापा मारल्या. त्यातला कापूस दरसाली साधलाच असं नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि त्यानंतर मोठ्यानं हसणारेही तेच पहिले असत.

त्यांचं वावर बेला गावापासून कोसभर. पंच्याऐंशी साली कापसाची वेचणी चालू होती. सकाळी ते एकटेच वावरात गेले, तर पऱ्हाटीवर आभाळातून काहीतरी पांढरं अलगद उतरत होतं. आधी एक छत्री, तिच्याखाली चकाकणारी पेटी आणि मागोमाग भलंमोठं पातळ कापडासारखं काहीतरी. पेटी जमिनीला टेकली तेव्हा चंपतराव तुरीच्या ओळीत पालथे पडले होते. एक चप्पल बांधावरच राहिली होती. बराच वेळ काही हललं नाही, तेव्हा त्यांनी पडल्या पडल्याच पेटीला हात जोडले. मग रांगत जवळ जाऊन पाहिलं. पेटीवर बारीक अक्षरं छापलेली होती. चंपतराव चौथीपर्यंत मराठी शिकलेले. इंग्रजी अक्षरं पाहून त्यांनी ठरवलं, ही या पृथ्वीवरची लिपी नाही.

दुपारी जीप आली. हैदराबादकडचे दोन साहेब आणि पोलीस ठाण्याचे जमादार नागोराव उतरले. साहेबांनी पेटी पोत्यात घातली, आपसात तेलुगूत काही बोलले आणि निघाले. ते पांढरं कापड गोळा करायला मागे राहिलेले नागोराव चंपतरावांच्या कानाशी आले.

"या पांढऱ्या चीजेबद्दल कोनाले एक अक्षर बोलू नोका. वरून हुकूम हाय."

झालं! ज्याला गप्प राहायला सांगितलं, तो चंपतराव होता. आठ दिवसांत सारा बेला ऐकून झाला. पुढं पुढं पांढरकवड्याच्या लग्नांतही लोक त्यांना मांडवात मधोमध बसवून तीच गोष्ट सांगायला लावत. पेटीचं यान झालं. यानाला खिडक्या फुटल्या. खिडकीत एक हिरवा माणूस दिसू लागला, मग दोन, मग तीन. आणि चंपतराव त्यांच्यासमोर छाती काढून उभे!

त्यांची बायको मनकर्णा म्हणे, "दरसाली एक मानूस वाढून राह्यला. पुढच्या साली त्याईच्यासाठी ताटं मांडा लागतीन."

अशी दहा वर्षं गेली. नागोराव पेन्शनीत निघाले. एकदा बाजाराच्या दिवशी दोघं चहाला बसले, तेव्हा चंपतरावांनी आवाज खाली आणून विचारलं, "आता तरी सांगा. सरकारनं ते काऊन लपवलं?"

"काय लपवलं? फुगा होता तो. वरची हवा मोजाचा. पेटीवर लिवलंच होतं, सापडली तं पोस्टात कळवा म्हनून."

"मंग तो वरचा हुकूम?"

नागोरावांनी आजूबाजूला पाहिलं. "फुग्याचं सारं प्लास्टिक साहेबाईले जमा करून पाहिजे होतं. मी जमा कराच्या आधीच अर्धं घरी धाडलं. माह्यं छप्पर गळे ना! तुमी त्या प्लास्टिकचं बोंबलले असते तं माही नोकरी गेली असती. हुकूम बायकोचा होता."

चंपतरावांचे कान गरम झाले. दहा वर्षं आपण जे सरकारी गुपित छातीशी धरून मिरवलं, ते एका जमादाराचं गळकं घर होतं! क्षणभर त्यांना नागोरावांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. मग असं हसू फुटलं, की चहा नाकातून आला.

घरी सांगितल्यावर मनकर्णा म्हणाली, "म्हंजे फुग्यापायी तुमीच दहा वर्षं फुगून बसले."

चंपतरावांनी ठरवलं, आता खरं तेच सांगायचं. वांकिडीच्या एका लग्नात त्यांनी सगळं सांगून टाकलं: फुगा, प्लास्टिक, इंग्रजीला परग्रहाची लिपी म्हणणारे आपण, तुरीत पालथं पडणं, पेटीला हात जोडणं. मांडवात कुणी हसलं नाही. शेजारी बसलेले भगवानराव मास्तर त्यांच्याकडे कणवेनं पाहत होते.

"दबाव आला ना तुमच्यावर?" ते हळूच म्हणाले.

"नाई हो मास्तर! फुगाच होता! मीच गाढव!"

"समजलं. इतकं बोलाले लावलं म्हंजे काहीतरी मोठंच असन."

चंपतरावांनी देवाची शपथ घेतली. मास्तरांनी त्यांचा हात दाबून धीर दिला. तेवढ्यात बुंदी वाढणारा पुढं सरकू लागला, तेव्हा चंपतरावांनी वाद सोडला आणि पत्रावळ पुढं केली.