चंदनाची ओरिजिनल्स

विजयनगरच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर चंदना अकरा वर्षं भाड्याने राहते. वय बेचाळीस, विषय इतिहास, नवरा गगन हुबळीला रेल्वेत. आमच्या रस्त्याच्या टोकाला जे छोटं खासगी आर्ट्स कॉलेज आहे, तिथे ती शिकवते. दोनशे दहा मुलं, चौदा शिक्षक, आणि ऑफिसात एक हिरवं लोखंडी कपाट. त्या कपाटात चंदनाचे नऊ कागद आहेत. दहावीपासून एम.ए.पर्यंतची सगळी ओरिजिनल्स.

ती रुजू झाली त्या दिवसाची, १६ जून २०१४ची, नोंद माझ्या वहीत आहे: ‘चंदनाची सर्टिफिकेटं कॉलेजने ठेवून घेतली. तपासून आठ दिवसांत देणार.’ पावती घेतलीस का, असं मी तेव्हाच विचारलं होतं.

“मावशी, कॉलेज आहे ते. सुम्ने ठेवलेत,” ती म्हणाली. सुम्ने म्हणजे उगीच, काही कारण नाही.

चौदाही शिक्षकांचे कागद तिथे सुम्नेच आहेत, हे तिला वर्षभराने कळलं.

कॉलेजचे सेक्रेटरी नरसिंहमूर्ती यांना वाईट म्हणणं कठीण आहे. आवाज चढवत नाहीत, बाईमाणसाला उभं ठेवत नाहीत, कॉफी मागवतात. कागद मागितले की म्हणतात, “नोडोण.” म्हणजे बघू. ‘नाही’ असं त्यांनी कधी म्हटलंच नाही, त्यामुळे तक्रार करायची तरी कशाची, हा चंदनाचा प्रश्न होता. वकील म्हणाला, नोटीस पाठवू, तीन महिने लागतील.

तिच्याकडे तीन महिने नव्हते. गेल्या वर्षी मे महिन्यात हुबळीच्या एका कॉलेजातून पत्र आलं. जागा पक्की, ३० जूनपर्यंत ओरिजिनल्स दाखवून रुजू व्हायचं. गगनची बदली झाल्यापासून सहा वर्षं ते दोघं महिन्यातले दोन दिवस नवरा-बायको असत. या वयात अशी जागा पुन्हा मिळणार नव्हती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

१२ जूनला ती राजीनामा घेऊन गेली. नरसिंहमूर्तींनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला.

“हुबळी चांगलं गाव आहे,” ते म्हणाले. “जाण्याआधी एक काम करा. वेबसाइटवर कॉलेजचा ओव्हरव्ह्यू टाकायचा आहे. तुमच्यासारखं इंग्लिश इथे कुणाचं आहे? तेवढं द्या, मग कागदांचं नोडोण.”

“देते सर,” ती म्हणाली. उठताना नेहमीच्या सवयीने म्हणाली, “बर्तीनी सर.” येते सर.

तिने चार दिवस बसून तो ओव्हरव्ह्यू लिहिला. स्वल्पविराम मी तपासले. स्थापना कधी, विषय कोणते, वर्गात पंचवीसच मुलं, ग्रंथालयात सहा हजार पुस्तकं, शिक्षक मुलांना नावाने ओळखतात. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तिचं त्या कॉलेजवर प्रेम होतं, हे वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं. अकरा वर्षं राहिली ती काही फक्त कपाटामुळे नाही.

१७ तारखेला त्याची छापील प्रतही हातात आली, तर शेवटी नवीन वर्षाच्या कायम शिक्षकांची यादी जोडलेली. इतिहास विभागप्रमुख म्हणून पहिलं नाव तिचंच.

“सर, मी राजीनामा दिलाय.”

“पण जाताना तुम्हीच म्हणालात ना, बर्तीनी म्हणून?” नरसिंहमूर्ती म्हणाले. “येते म्हणालात, मी नाव घातलं.”

ऑफिसातले दोघे हसले. चंदनाही हसली. घरी येऊन माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, “मावशी, मी का हसले?”

आपल्याकडे मराठीत निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. कन्नडातही तसंच. हे त्यांना माहीत नाही का? त्यांच्या घरातही जाताना कुणी दुसरं काही म्हणत नसेल.

“उद्या तोंडावर सांग, होग्तीनी. जाते म्हणून सांग,” मी म्हटलं.

“तसं तोंडातून निघायला हवं ना. अभद्र वाटतं.”

“मग आरशासमोर म्हणून बघ.”

“अल्ला, तसं नाही मावशी, तुम्ही म्हणून दाखवा आधी.”

मलाही जमलं नाही. आम्ही दोघी हसलो, पण दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा खरंच ठरवून गेली होती. दाराशी उभी राहून तिने शब्द सुरूही केला. बाहेर पडलं ते ‘होग्बर्तीनी’. जाऊन येते.

“या, या,” नरसिंहमूर्ती म्हणाले.

मग गगनने फोनवर वाट सुचवली. कागद हरवले अशी पोलिसात तक्रार द्यायची आणि तिच्या जोरावर युनिव्हर्सिटीतून दुसऱ्या प्रती काढायच्या. “सगळे करतात. एक सही आहे फक्त.” २६ तारखेला मी तिच्यासोबत गेले. फॉर्ममध्ये एक रकाना होता, कुठे हरवले. चंदना पेन धरून बसून राहिली. हवालदाराने विचारलं, “बसमध्ये? रिक्षात?”

“ऑफिसच्या कपाटात. वरून दुसरा कप्पा,” ती म्हणाली.

“मग हरवले कसे, मॅडम?”

तिने फॉर्म परत दिला. रिक्षात मी तिला रागावले, अगदी खरं सांगायचं तर ओरडले. एवढं रिक्षा लिहिलं असतंस तर काय झालं असतं? ती म्हणाली, “रोज त्या कपाटासमोर सही करते मी, मावशी. मला ते दिसतात.”

३० तारखेला, सोमवारी, दुपारी हुबळीच्या कॉलेजातून फोन आला. अजून दोन दिवस थांबतो, म्हणाले. दोन दिवस थांबले, मग यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावलं.

१२ जुलैला गगन आला. चंदना कॉलेजात प्रवेशाच्या टेबलावर होती. नव्या मुलांच्या पालकांना ओव्हरव्ह्यूची प्रत देऊन कॉलेज समजावून सांगणं हे आता तिचं काम. तिने हुबळीसाठी बांधून ठेवलेल्या दोन पेट्या गगनने एकट्याने सोडल्या. साड्या कपाटात ठेवल्या, पुस्तकं फळीवर लावली. पेट्यांची दोरी नीट गुंडाळून माझ्याकडे आणून दिली.

“ही ठेवता का मावशी?” तो म्हणाला. “वर तिच्या नजरेसमोर नको.”