ताईच्या खुणांचा बॅकअप

आमच्या समोरच्या बिऱ्हाडात बाइंडर राहायचे. पुस्तकबांधणी त्यांनी कधीच सोडली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. सोबत थोरली बहीण. तिला सगळे ताईच म्हणतात. ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. शाळेत कुणी घातलं नाही, तेव्हा लहानपणी या भावंडांनी आपसात खुणा ठरवल्या आणि जन्मभर त्यांवरच घर चालवलं. आईवडील आणि धाकटी बहीण गेल्यावर ती भाषा येणारी माणसं जगात दोनच उरली.

बाइंडरांना ऑपरेशन सांगितलं, तेव्हा त्यांना एकच घोर लागला. आपण परत आलो नाही, तर ताई काय म्हणते ते कळणार कुणाला? मग ते तिला खिडकीपाशी बसवून एकेका खुणेचा व्हिडिओ काढू लागले. पाणी. दुखतंय. दार लाव. व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये राहायचे आणि त्यांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर आपोआप जायचा. ती डिस्क त्या धाकट्या बहिणीच्या मुलाच्या, भाच्याच्या हवाली करायची होती.

एका दुपारी त्यांनी माझं दार वाजवलं.

"हेडक्लार्क, जरा येता का? डिस्कवर अर्धी ताईच नाही."

हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, तरी कॉम्प्युटरमधलं मला फार कळतं असं नाही. तरी गेलो. भाच्याने सुटीत येऊन जुन्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम घालून दिली होती. त्या दिवसापर्यंतचे व्हिडिओ डिस्कवर होते, पुढचे एकही नाहीत. वायर बदलून पाहिली. डिस्क भरली असेल म्हणून बघितलं, तर जागा भरपूर. आणि कॉम्प्युटर असा घरघरत होता, की आज बसतो की उद्या. बाइंडरांनी भाच्याला फोन लावला.

"मामा, तो बॅकअप आपोआप होतो. तुम्ही उगाच त्यात बोटं घालू नका," म्हणाला, आणि मीटिंग आहे म्हणून ठेवून दिला.

मी तोंड पाडून बसलो. काहीतरी करायचं म्हणून कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पडद्यावर नव्या सिस्टीमची चौकट आली: बॅकअपला या डिस्कवर लिहू द्यायचं का? मी चष्मा चढवेपर्यंत बाइंडरांनी 'नाही' दाबलंसुद्धा.

"अहो, अहो! हे काय केलंत?"

"रोज येतं ते. मेलं पाठच सोडत नाही. भाचा जाताना बजावून गेलाय, अनोळखी काही विचारायला आलं की सरळ नाही म्हणायचं."

"अनोळखी कसलं? तुमचाच बॅकअप रोज दारात उभा राहतोय, आणि तुम्ही त्याला हाकलताय!"

ते कसंनुसं हसले. पुन्हा बंद, पुन्हा चालू. या वेळी 'हो' मी दाबलं, त्यांच्या बोटाचा भरवसा नव्हता. डिस्कवरचा बारीक दिवा लुकलुकायला लागला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

"भाचा बघेल ना हो हे?"

"बघेल की."

माझ्या आवाजात जोर नसावा. ते म्हणाले, "तुम्हीच बघता का थोडे?"

म्हणून मी रोज थोडे बघायला लागलो. या वयात फार लक्षात राहत नाही.

पुढच्या आठवड्यात भाचा त्यांना ऑपरेशनला घेऊन गेला, ताई घरीच राहिली. ऑपरेशनच्या संध्याकाळी त्याचा फोन आला. रडत होता. "ताईमावशीला तुम्हीच सांगाल का? मला तिचं काहीच येत नाही."

मी माझं दार उघडलं, तर समोर ताई उभीच होती. तिने दोन्ही मुठींनी हवेत चाक फिरवलं आणि भुवया उंचावल्या. ही खूण मी डिस्कवर पाहिली नव्हती. तिने पुन्हा चाक फिरवलं. मग लक्षात आलं. पुस्तकं दाबायच्या यंत्राला असं चाक असतं. म्हणजे बाइंडर. कॅमेऱ्यामागे ते स्वतःच उभे, त्यांची खूण घ्यायची राहूनच गेली.

माणूस गेला, याची खूण मात्र डिस्कवर होती, त्या 'हो'नंतर वाचलेल्या व्हिडिओंत. मी चाक फिरवलं. मग मूठ वर नेऊन हळूहळू उघडली. करंगळी उघडेना.

ताईने माझा हात धरला आणि ती करंगळी सरळ केली.