साखराबाईचा कळप

साखराबाईच्या पायाला भिंगरी. ती निवांत बसून चहा पिताना मी तरी पाहिली न्हाई. मी बसवेश, युसूफ वडगावात माझं किराणा दुकान आन गावाबाहेर थोडं रान. दर उन्हाळ्यात ती तिच्या मेंढ्या माझ्या रानात बसवती. लेंडीखत मला, ज्वारी तिला. गोणीतल्या खताला ती सर न्हाई, हे मी कुणापुढं बी सांगीन.

यंदा तिच्या लेकानं, सोमेश्वरनं टुमणं लावलं. बोअरला पाणी लागलंय, ऊस लावू, मेंढ्या विकून पक्कं घर बांधू. म्हातारी गुडघ्यांनी बेजार, हो म्हणून बसली. माझं डोकंच फिरलं. माझ्या रानाचं काय, कुणी इचारलंच न्हाई.

त्याच दिवसांत नदीकाठच्या पांढऱ्या टेकाडावर जुन्या वस्तीचं खोदकाम करणारे आले. गुडघे दुखत्यात म्हणणारी ही बाई मातीच्या पाट्या उचलायला हजर. एक दिवस मी बी बघायला गेलतो. त्यांच्या रुचिका मॅडम खड्ड्याच्या भिंतीवरले थर दाखवत होत्या.

"खाली मोठी घरं, धान्याच्या कणग्या, बैलांची हाडं. या लोकांनी काठावरची झाडं तोडून शेतं केली. पुढं पाऊस कमी झाला, उघडी माती वाहून गेली. म्हणून वरच्या थरात लहान गोल झोपड्या आहेत, आणि हाडं बहुतेक मेंढ्यांची."

"त्याच्या वर?" साखराबाईनं इचारलं.

"वर काहीच नाही. गेले ते."

"मेंढ्या व्हत्या म्हणून जाता आलं," ती म्हणली. पाटी तिथंच ठेवून चालू पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्या न्यायला व्यापारी टेम्पो घेऊन आला. साखराबाई दारातून मेंढ्यांच्या वाड्याकडं, वाड्याकडून दारात. मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवी, परत फिरे. माझाच जीव वरखाली व्हायला लागला.

"माय, आता का मागं सरती?" सोमेश्वर चिडला. "बोअरला पाणी हाय."

"आटलं तर?"

"घर हाय की."

"त्यांचं बी व्हतं."

तिनं वाड्याचं जाळं सोडलं. टेम्पो रिकामाच गेला. मी मनात खूश झालो, पर कळप माझ्या रानाकडं वळलाच न्हाई. सरळ डोंगराच्या वाटंला लागला. सोमेश्वर पळत आडवा गेला.

"मला एकट्याला टाकून चालली व्हय?"

"पाणी हाय तवर ऱ्हा," साखराबाई म्हणली. "आटलं की लेंड्या बघत मागनं ये."