शेवटचं प्रकरण

हिंगोलीत आमच्या घरामागच्या पडीक रानात एक मावशी मेंढ्या चारायला यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मेंढ्या पांगल्या की त्या बाभळीखाली बसून मोबाईलवर कादंबरी वाचायच्या. अक्षरं बारीक होती आणि मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जायची. मग त्या एकेक ओळ अंगठ्यानं सरकवत, ओठ हलवत वाचायच्या.

एकदा त्या कादंबरीची पीडीएफ फाइल मी मागून घेतली आणि घरच्या कॉम्प्युटरवर तिचं ईपब पुस्तक केलं, म्हणजे अक्षरं मोठी केली तरी ओळ पडद्यातच राहील. पहिल्या खेपेला सगळे काने-मात्रे विस्कटले. ते नीट करून मी फाइल त्यांच्या मोबाईलवर टाकली.

त्यांनी अक्षरं मोठी केली, मग आणखी मोठी केली. उन्हात मेंढ्यांचा कळप धुरासारखा हळूहळू सरकत होता.

“आता मला ओळीमागं जावं लागत न्हाई,” त्या म्हणाल्या. “गोष्टच माझ्याकडं येऊन राहिली.”

“शेवट कसा वाटला ते सांगा.”

“शेवटचं प्रकरण ठेवणार हाय. मोतीबिंदूचं आपरेशन हाय माझं.”

“मग आधीच वाचून घ्या की. ठेवता काहून?”

“काहीतरी वाचायचं राहिलं म्हंजी नजरेला परत यावंच लागंल.”

मधे बरेच दिवस रान रिकामं होतं. मग एका सकाळी काळा चष्मा लावलेल्या मावशी दिसल्या. मी धावतच गेलो.

“वाचलं का?”

“व्हय. लई रडू आलं,” त्या हसत म्हणाल्या. “आन् डागदरनं तर डोळ्याला पाणी लावू नका म्हणून बजावलं व्हतं.”