वहिनीच्या बेसिनवर पेला नसे

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात ब्रश होता. पलीकडून पुतण्या "काका, आई..." एवढंच म्हणाला आणि मी फेसाने भरलेल्या तोंडाने नुसता हुं हुं करत राहिलो. झोपेतच गेली. दातांच्या डॉक्टरणीची बातमी अशा वेळी यावी, याचं तिलाच हसू आलं असतं. महिना उलटला, तरी सकाळी ब्रश हातात घेतला की माझं लक्ष फोनकडे जातं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दवाखाना रत्नागिरीत, पण शनिवारी सकाळी माझ्या गाडीतून हातखंब्यापलीकडच्या आमच्या गावच्या शाळेत पोरांचे दात बघायला जायची आणि उतरल्या चेहऱ्याने परतायची. नुकत्याच आलेल्या पक्क्या दाढाही किडलेल्या! मग तिने ध्यासच घेतला, की गावच्या पाण्यात फ्लोराइड घालायचं. त्याने दात कणखर होतात, परदेशात कित्येक शहरं ते नळाच्या पाण्यात मोजून घालतात, ज्या घरात पेस्ट येत नाही तिथल्या पोरालाही ते आपोआप मिळतं... मासळीबाजारात सुरमईचा भाव करतानाही ती हे समजावून सांगायची. गावच्या विहिरीचं पाणी तपासून आणलं, त्यात फ्लोराइड नावालाच होतं. कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. मी चिडवायचो, "वहिनी, तू सरपंच हो, मग नळाला चहाच येईल." ती म्हणायची, "चहा नको, भाऊजी. त्यात साखर असते."

शेवटी गावात नवी नळयोजना आली आणि वहिनीचा अर्ज ग्रामसभेपुढे आला. फ्लोराइड घालायच्या यंत्राचा खर्च द्यायला तिने एक देणगीदारही गाठला होता. सरपंच अनुकूल होते आणि बरंच गावही. पहिले उठले ते आमच्या वाडीतले तात्या. "डॉक्टरीणबाय, तुमचं बरोबरच असंल. पण माज्या तोंडात काय जायचं ता मी ठरवणार. सगळ्यांच्या हंड्यात कशाला?" लोक हसले. मग शाळेतल्या बाई उठल्या. चंद्रपूरकडच्या, बदली होऊन आलेल्या. हसताना कायम तोंडावर हात धरायच्या. त्या दिवशी त्यांनी हात खाली घेतला. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते. "मॅडम, आमच्या गावच्या बोअरला हेच फ्लोराइड जास्त आहे. माझे दात असे झाले, वडिलांची तर कंबर आखडली. तुम्ही मोजूनच घालाल, मला ठाऊक आहे. पण रोज कोण मोजणार?"

टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, कशी पडते, हे सगळ्यांना माहीत होतं. एक दिवस पाण्याला नाक मुरडावं इतका वास, दुसऱ्या दिवशी काहीच नाही. वहिनीला वाद घालता आला असता. चंद्रपूरचं पाणी वेगळं, इथलं वेगळं, मापात असेल तर अपाय नाही, हे सगळं मी तिच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं आणि ते खरंच होतं. सरपंच हात वर करायला सांगणार, एवढ्यात ती उठली. "बाईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. रोज मोजण्याची खात्री मिळेपर्यंत मी हे मागणार नाही. अर्ज मागे घेते." इतकी वर्षं उराशी धरलेली गोष्ट तिने हातातोंडाशी आलेली असताना सोडली. मला तिचा इतका अभिमान तोवर कधीच वाटला नव्हता. परतताना ती गाडीत रडली. "भाऊजी, पोरांच्या दाढा काही किडायच्या थांबणार नाहीत हो..."

पुढच्याच शनिवारी ती ब्रशांचं खोकं घेऊन शाळेत हजर! खिचडी खाऊन झाली की पोरांनी ओळीने दात घासायचे. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, गिळायची नाही, थुंकायची, आणि नंतर चूळ भरायची नाही. रोज हे करून घ्यायच्या त्या चंद्रपूरच्या बाईच. चूळ नाही म्हटल्यावर मात्र गावात गहजब झाला. शेजाऱ्याला ऐकू जाईल अशी खळखळून चूळ भरल्याशिवाय आमच्याकडे दात घासलेच जात नाहीत. "चूळ नाय भरायची? पोरांनी खरकट्या तोंडानं फिरायचं काय गो?" म्हाताऱ्या विचारत. वहिनी घरोघर जाऊन सांगायची, की पेस्टचा जो अंश दातांवर उरतो तोच काम करतो. पटलं तर करा म्हणायची. तात्यांना पटलं, नातवाला स्वतः घेऊन आले. पुढे पुढे शनिवारी परतताना वहिनी गाडीत गाणी म्हणू लागली.

घरच्या बेसिनवरचा चूळ भरायचा पेला तर तिने केव्हाच हलवला होता. दादा तिच्यासमोर मुकाट थुंकायचा आणि मागीलदारी जाऊन नळाखाली ओंजळ धरायचा. तिला ते ऐकू यायचं. "चालू दे," म्हणायची आणि हसायची.

तेराव्याला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी बेसिनवर स्टीलचा पेला ठेवून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दात घासत होता आणि मी दाराशी माझी पाळी येण्याची वाट बघत होतो. तो थुंकला. पेल्याकडे बघत जरा वेळ उभा राहिला. मग पंचाने तोंड पुसलं, पेला उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि झोपाळ्यावर जाऊन बसला. मागीलदारचा नळ काही वाजला नाही.