हिरवा दिवा आणि विहिरीवरचा ऑटो

आमच्या मधल्या खोलीत कॉम्प्युटर आहे. मुलगा कारेगावला कंपनीत आहे, त्याने तो नातीच्या शिकवणीसाठी आणला; तिला सर पडद्यावर दिसतात, सरांना ती कॅमेऱ्यातून. आडोशाची मोकळी खोली तेवढी एकच, म्हणून कपडेही आम्ही तिथेच बदलायचो.

त्या दिवशी नात सकाळची शिकवणी आटोपून, पडद्याच्या कोपऱ्यातल्या फुलीवर दाबून जीपने शाळेला गेली. सून शिरूरला गेली होती. मी अंघोळ करून आत आले आणि लुगडं नेसायला घेतलं. निऱ्या हातात होत्या तेव्हा वर लक्ष गेलं. पडद्यावर काहीच नव्हतं, पण कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा लागला होता. कॅमेरा बघत असला की तो लागतो, एवढं मला माहीत होतं.

मी ते कसंबसं गुंडाळून घेतलं आणि भिंतीला टेकले. पुढ्यात कुणी बसलेलं नाही, कुणी काही दाबलेलं नाही आणि यंत्र चालू.

आपोआप चालणारं यंत्र मी पाहिलेलं आहे. आमच्या विहिरीच्या मोटारीला ऑटो बसवला होता. लाइट आली की मोटार आपली आपण सुरू व्हायची. एकदा लाइट नव्हती म्हणून आमचे मालक, नातीचे आजोबा, मोटारीची तुटलेली वायर जोडायला बसले. ऑटो बंद करायचा राहिला होता. लाइट आली आणि मालक गेले. तेव्हापासून आपोआप सुरू झालेल्या वस्तूच्या वायरीला मी हात लावत नाही.

म्हणून मी बटण बंद केलं नाही. लांबूनच गोधडी फेकली, ती पडद्यावर आणि खालच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर पडली. दाराला बाहेरून कडी घातली आणि ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने आतली घरघर वाढली. कुणी धापा टाकाव्यात तसा आवाज. उठून बघायचं धाडस मला झालं नाही.

दुपारी सून आली.

"आत्या, उन्हात का बसलाय? दाराला कडी का?"

"आत कोणतरी हाय."

"कोण?"

"कॉम्प्युटरमधी."

ती आत गेली आणि हसली. "त्याला थंडी वाजत व्हती व्हय? डबा तापून चालला की." तिने गोधडी ओढली, हिरवा दिवा पाहिला आणि तिचं हसणं थांबलं.

तिने पडद्यावर एक लांब यादी काढली. "आत जे जे चाललंय, ते हे."

"एवढं? कुणी चालू केलं?"

"कॉम्प्युटर लावला की आपलं आपण चालू हुतंय. काही व्हायरसवर नजर ठेवतंय, काही नवीन काय आलं ते उतरवून घेतंय. आपल्याला दिसत न्हाई, पण मागं चालूच. ऑटो असल्यागत..." तिने जीभ चावली.

"समदं बंद कर."

"हे सिस्टीमचं हाय आत्या, हे मारलं तर कॉम्प्युटरच बंद पडंल." मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "ही पोरीची शिकवणी. फुली दाबली की नुसती नजरेआड हुती. मागं चालूच राहिली."

तिने ती समोर आणली. पडदाभर आमची खोली. माझं पांढरं डोकं, सुनेचा खांदा, मागे दोरीवर लुगडं.

"बघा, आपल्याबिगर कुणी न्हाई."

"आत्ता न्हाई. मगाशी व्हतं का?"

"ते न्हाई सांगता येत, आत्या."

तिने शिकवणी बंद केली तेव्हा दिवा विझला. कॅमेऱ्यावर तिने कपाळावरची टिकली काढून लावली. ती अजून तिथेच आहे. शिकवणीपुरती नात काढते आणि परत लावते. बाकीची यादी आत चालूच असते. मी लुगडं आता स्वयंपाकघरात, दार लावून नेसते.

पुढच्या बाजाराला आम्ही दोघी तळेगाव ढमढेऱ्याला गेलो. शिकवणीचे सर मेथी निवडत उभे होते.

"काय आजी, बरं हाय का?"

दर बाजारी ते हेच विचारतात. मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. काही कळलं नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि चालू लागले.

"आजी, पिशवी राहिली तुमची," ते मागून म्हणाले.

मी वळले नाही. पिशवी सुनेने आणली.