शांत बाळ

कोल्हापूरहून निघताना आई म्हणाली, "तान्ह्या बाळाला कसलं आलंय मन? आधी बाळसं तर धरू दे!" परळला तान्ह्या बाळांच्या मानसिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता आणि मी प्रवेश घेतला होता, यापलीकडे मलाही काही ठाऊक नव्हतं. दादरला उतरले ती आईचाच प्रश्न घेऊन.

पहिलं काम ऐकायला अगदी सोपं होतं. दर बुधवारी एकाच घरी जायचं आणि तासभर बाळाकडे बघायचं. उचलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, तिथे वही काढायची नाही. माझ्या वाट्याला वरळी कोळीवाडा आला.

टॅक्सी कोळीवाड्याच्या तोंडाशीच थांबली. पुढची गल्ली इतकी अरुंद, की समोरून टोपली आली की भिंतीला चिकटायचं. वलांडीवर (मासे सुकवायची बांबूची मांडणी) बोंबील लटकत होते. दोनदा रस्ता चुकल्यावर घर सापडलं.

घरात दर्शना, तिची सासू आणि चार महिन्यांचा मुलगा. दर्शना त्याचं सगळं नीट करत होती. दूध पाजलं, दुपटं बदललं. पण तोंड सारखं खिडकीकडे. बाळ पंख्याकडे बघत होतं. तासाभरात ते एकदाही रडलं नाही. रडणाऱ्या बाळापेक्षा रडणं सोडलेल्या बाळाची काळजी जास्त करा, असं वर्गात सांगितलं होतं. तिथे मी ते लिहून घेतलं होतं, इथे ते बाळ समोर होतं.

निघताना काहीतरी बरं बोलावं म्हणून तोंडातून गेलं, "किती शांत आहे हो बाळ!"

आजी ताडकन उठल्या. "असं बोलायचं नाय गो बाय! तासभर टक लावून बघतंस, आन् वर हे?"

मीठ, मोहरी, लाल मिरच्या बाळावरून उतरवून त्यांनी तापल्या तव्यावर टाकल्या. मिरच्या काळ्या पडल्या, पण कुणालाच ठसका लागला नाही. "बघ, केवढी लागलीय," त्या म्हणाल्या आणि दोघींनी माझ्याकडे पाहिलं. आता हे दार बंद झालं, असं मला वाटलं. मी यायची थांबले तर या पोराकडे बघणार कोण?

दर्शना जिन्यापर्यंत आली. "आईंचं मनावर घेऊ नका."

विचारू नये ते मी विचारलं. "तुम्हालाही वाटतं, माझी दृष्ट लागली?"

"तुमची नाय ओ. आईची पयली लागते. माझ्या पहिल्या मुलीकडे मी सारखी बघत बसायची. दोन महिन्यांची होऊन गेली." मग हळूच म्हणाली, "बुधवारी या हां, ताई. तुम्ही बघत असलात की मला बघावं लागत नाय."

परतीच्या टॅक्सीत मी कोल्हापूरला फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला.

परळला आमच्या बाईंनी माझी टिपणं दोनदा वाचली. "दर्शनासाठी डॉक्टरांशी मी बोलते. तू जा. पण बाळाच्या समोर बसू नकोस, दर्शनाला खेटून बस. बाळ तुझ्याकडे बघायला गेलं, तर वाटेत तिचा चेहरा लागेल."

उद्या बुधवार आहे. मला भीती वाटते ती त्या क्षणाची, बाळ तिच्याकडे बघेल आणि ती खिडकीकडे वळेल. आणि नियमाप्रमाणे मला नुसतं बघत बसावं लागेल.